जट नाही, गुंता आहे

आई, परवा तुझ्या नातीचे केस सोडवताना मला तुझा फार राग आला. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी राग आला की तो तुलाच सांगावासा वाटतो, दुसऱ्या कुणाला सांगून समाधान होत नाही. ही पोर तू बघितलेली नाहीस. रंगानं बापावर गेलीय आणि डोक्यानं माझ्यावर, म्हणजे केसांनी. सुतळी उकलल्यावर कशी वेटोळी राहतात, तसे केस. तिच्या जन्मानंतर पाहुण्याबायका म्हणाल्या, अरेरे, हिलाही आलेच का. मी म्हटलं, आले, आणि राहणार.

भवानीनगरला साखर कारखान्याच्या कॉलनीतलं आपलं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. सकाळचा चहा उकळतोय, खिडकीतून मळीचा वास येतोय, आणि तू मला दोन गुडघ्यांत दाबून बसली आहेस. डोक्यावर खोबरेल थापतेस आणि पाण्याचा थेंब न लावता वरून खाली कंगवा ओढतेस. केस तुटल्याचा आवाज माझ्या कानात येतो. मी मान आखडली की पाठीत धपाटा. "गप बस, झिपरे. केस हायती का बाभळीची फांदी?" मग दोन वेण्या अशा आवळायचीस की भुवया वर ताणायच्या. दुपारी वर्गात डोकं ठणकायचं आणि बाई विचारायच्या, लक्ष कुठं आहे. माझे केस म्हणजे माझाच काहीतरी गुन्हा आहे, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं.

तू कशाला भीत होतीस ते मला तेव्हाही माहीत होतं. मागच्या गल्लीतल्या मावशींच्या डोक्यात जट होती. बायका त्या जटेला हळदकुंकू लावायच्या, पाया पडायच्या, आणि त्या मावशींना मान वळवायची झाली तर सगळं अंग वळवावं लागायचं. रात्री कुशीवर झोपता येतं का, हे त्यांना कुणी विचारलं नाही. तू घरी येऊन दादांना म्हणालीस, "आपल्या पोरीचं केस कुरळं हायती. एकदा गाठ बसली की लोक फणी लावू द्यायचं न्हाईत. देवीची हाय म्हणत्यात, आन् जलम जातो पोरीचा."

म्हणजे तू मला वाचवत होतीस, कबूल. पण मावशींच्या पाया तूही पडलीस. ही देवी नाही, न विंचरलेली गाठ आहे, असं त्या बायकांच्या तोंडावर एकदाही म्हणाली नाहीस. बाहेर हात जोडलेस आणि घरी येऊन ती भीती माझ्या डोक्यावर काढलीस. आणि ऐक, कुरळे केस कोरडे विंचरले की जास्तच गुंततात. जिला तू भीत होतीस ती गाठ रोज सकाळी तूच बांधत होतीस.

हे मला बारामतीत नोकरीला लागल्यावर कळलं, मोबाइलवर कुणा कुणाचं बघून आणि माझ्याच डोक्यावर प्रयोग करून. आता मी केस ओले असतानाच, भरपूर कंडिशनर लावून, टोकाकडून वर सोडवते. जवस उकळून त्याचा चिकट पाक गाळून लावते. पहिल्यांदा तो बघून तुझे जावई म्हणाले, "चटणी बिघडली का?" टॉवेलनं खसाखसा पुसत नाही, जुन्या सुती बनियनमध्ये केस दाबून घेते. आणि ऑफिसला मोकळे सोडून जाते. साहेब एकदा म्हणाले, मॅडम, जरा बांधत चला, बरं दिसत नाही. मी म्हटलं, सर, बरं दिसतं, आरशात बघूनच निघते मी.

तर या सुट्टीत पोर लोणी भापकरला आजीकडं होती आणि तिथं तापानं पडली. मी पोचेपर्यंत मानेमागं एक बट घट्ट बसली होती, आणि तिला हळदकुंकू लागलं होतं. माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणते, दारातच म्हणाल्या, "हात लावू नगं. जट आलीया. घरावर काय आलं तर?" मी म्हटलं, "यायचं ते माझ्यावर येऊ द्या, आत्या." पोरीनं हळूच विचारलं, "मम्मी, देवी चिडेल का?" म्हटलं, "चिडली तर मी बोलते तिच्याशी."

कात्री होती घरात. कापून टाकली असती तर क्षणात मोकळी. पण कापली असती तर आत्या जन्मभर म्हणाल्या असत्या की जट होती, सुनेनं कापली. मला ती सोडवायचीच होती, आणि सगळ्यांदेखत. अंगणात, उन्हात पाट टाकला. तेल मुरवलं, कोमट पाणी, कंडिशनर, आणि बोटांनी खालून एकेक केस सुटा करत बसले. शेजारच्या बायका येऊन उभ्या राहिल्या. मी म्हटलं, बसा, नीट बघा, गुंता कसा निघतो ते. माझी बोटं सुजली, पोर रडली, थांबली, पुन्हा रडली. ऊन कललं तेव्हा शेवटची गाठ सुटली. आत्या अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. नाही तर नाही.

पोरीचे केस वाळत आले तसे एकेक करून वर वळायला लागले, आणि मला तुझा शेवटचा दिवस आठवला. बायकांनी तुला न्हाऊ घातलं होतं. तुझा तेल पिऊन दगड झालेला अंबाडा त्यांनी सोडला, गरम पाणी ओतलं, आणि बाहेरगावी गेलेल्या दादांची वाट बघत तुला तशीच ठेवली. तुझे केस वाळले आणि वळले. कुरळे, आई. माझ्याहून कुरळे. जन्मात पहिल्यांदा मी ते मोकळे बघत होते. सगळ्या म्हणाल्या, पोरीला धक्का बसलाय, रडत नाही. धक्काबिक्का काही नव्हता. मी रडायचं विसरून तुझे केस बघत होते, इतके देखणे होते ते.