पिस्तूल अडकलं तेव्हापासून

सोम., ६ जाने.
रेंजवर पि. अडकलं. तिसऱ्या राउंडला. ट्रिगर दाबते तर काहीच नाय. रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या ऐवजी स्लाईडमध्ये, वरच्या सरकत्या भागात, उभी अडकून बसलेली. मी काय करावं? नेमबाजी शिकवणाऱ्या उस्तादांना दाखवायला पि. घेऊन तशीच मागं वळले. नळी सरळ त्यांच्या पोटाकडं! बाजूचे दोघं झटकन खाली बसले. उस्ताद ओरडले, "ओ बाई, तोंड समोर! आधी तोंड समोर!"
नंतर सगळे हसले. मला हसू नाय आलं.
इतकी वर्षं पोलीस कंट्रोल रूमला वायरलेस ऐकण्यात गेली. आता एकदम साक्षीदार संरक्षण. गुरुवारपासून. साधे कपडे, कमरेला नऊ एमएम.
घरी ह्यांना सांगितलं. "पाठदुखीचं सर्टिफिकेट आणू. सरळ नाय म्हण." बघते म्हटलं.

मंगळ., ७ जाने.
साहेबांनी शस्त्रागारात धाडलं. शेख हवालदार तिथले आर्मोरर, रिटायरला टेकलेले. चहा बिनसाखरेचा, बिस्किटं मात्र पुडाभर. डमी राउंड भरून पि. समोर ठेवलं. "खाली करके दिखाव."
मी स्लाईड ओढली, एक राउंड उडाला. मग गोळ्यांचं मॅगझिन काढलं, पि. टेबलावर ठेवलं.
"खाली?"
"व्हय."
त्यांनी उचललं, वाळूच्या पेटीकडं धरून स्लाईड ओढली. अजून एक डमी टणकन टेबलावर.
पहिला उडाला तसा दुसरा मीच आत घातला होता. उलट क्रमानं केलं की असं होतं. आधी मॅगझिन. मग स्लाईड. मग डोळ्यानं बघायचं, मग करंगळी घालून बघायचं. तोवर नळी वाळूकडं, बोट ट्रिगरच्या बाहेर.
दुपारभर तेच. हाताला घाम. शेवटी शेवटी मला माझ्या करंगळीचा पण भरवसा वाटंना.

गुरु., ९ जाने.
पहिला दिवस. प्रतीक्षा. माझ्या भाचीएवढी दिसते. जातीबाहेर लग्न केलं म्हणून तिच्या सख्ख्या भावांनी तिच्या नवऱ्याला मारलं, सिल्लोडकडं, तिच्यासमोर. आता कोर्टात तीच मुख्य साक्षीदार. सासूसोबत पुंडलिकनगरात एका खोलीत राहते. ज्या बाईचा मुलगा गेला ती आणि ज्यांनी मारलं त्यांची बहीण, एका चुलीवर. सासूला मी मावशी म्हणायचं ठरवलं.
प्र. माझ्याशी बोलली नाय. सारखं कमरेकडं बघत होती. जाकीट खाली ओढून घेतलं.
संध्याकाळी पि. जमा. खाली करताना शेख म्हणाले, "ओठ हलतेत तुझे." मी क्रम म्हणत होते मनात. मोठ्यानं म्हण म्हणाले, लाजायचं काय त्यात.

शनि., ११ जाने.
सुट्टी होती, तरी शस्त्रागारात. शेख यांचं म्हणणं, पुंगळी अडकली ते माझ्या पकडीमुळं. मनगट ढिलं सोडलं की स्लाईड पूर्ण मागं जात नाय. असेल. पण मी म्हटलं, आतून बघू तरी.
खोललं. स्लाईड, स्प्रिंग, नळी, सगळं फडक्यावर ओळीनं. पुंगळी ओढून काढणारा जो आकडा असतो, त्याच्याखाली काजळी बसलेली, पेन्सिलीच्या टोकाएवढी. जुन्या टूथब्रशनं काढली. नळीतून चिंधी ओढली, पांढरी निघेपर्यंत. तेल थेंबभरच. जास्त घातलं की धूळ धरतं.
शेख वाकून बघायला लागले. मग, "निकली तो सही." तरी पकड, पकड चालूच.
जोडताना स्प्रिंग निसटून कपाटामागं. ती शोधायला दोघं जमिनीवर.
ह्यांचा फोन, "सुट्टीच्या दिवशी पण?"

मंगळ., १४ जाने.
संक्रांत. मावशींनी तिळगूळ दिला. प्र.च्या हातावर ठेवताना त्यांचा हात थोडा थांबला. मग ठेवला. 
प्र. आज बोलली. "ताई, ते चालतं ना?"
"काय?"
"ते." कमरेकडं बोट.
चालतं म्हटलं.
"दाखवता?"
नाय म्हटलं. दाखवायची वस्तू नाय ती. जरा जोरातच बोलले. नंतर वाईट वाटलं. तिनं बंदूक एकदाच बघितली आहे, आणि कुणाच्या हातात, ते मला माहीत आहे.

शुक्र., १७ जाने.
रेंज. पहिले दहा नीट. मला वाटलं, सुटलं. पुढच्याला पुन्हा तेच, पुंगळी उभी. या वेळी वळले नाय. नळी समोर, बोट बाहेर, डावा हात वर. मग मॅगझिन काढलं, स्लाईड ओढली, पुंगळी पडली. उस्ताद "ठीक" म्हणाले. 
शेख आले होते. तेच पि. त्यांनी चालवलं, एकदाही अडकलं नाय. "देखा? पकड."
मी म्हटलं, मग तुमचं द्या. त्यांचं चालवलं. एकदाही नाय अडकलं.
 त्यांच्या हातात हे चालतं. माझ्या हातात दुसरं चालतं. फक्त हे आणि मी, जोडीनं, अडकतो. शेख टोपी काढून डोकं खाजवायला लागले. मी म्हटलं, स्प्रिंग थकली असंल, तुम्ही मनगटाच्या जोरावर भागवत असाल. असंल, म्हणाले. त्यांना पण नक्की माहीत नाय. याचीच जास्त भीती वाटली.
साक्ष बुधवारी.

सोम., २० जाने.
हे नीट लिहून ठेवते.
सकाळी प्र.ला दवाखान्यात नेत होते, ताप होता. गल्लीच्या तोंडाशी मोटरसायकल, दोघं, रुमाल बांधलेले. सावकाश आले, थांबले. मागच्यानं विचारलं, "जाधव सरांचं घर कुठंय?" विचारतो मला, बघतो तिच्याकडं.
मी प्र.ला भिंतीच्या आड ढकललं, मधी उभी राहिले. हात जाकिटाखाली गेला. डोक्यात एकच, अडकलं तर? मॅगझिनच्या बुडाला थाप, स्लाईड ओढ, नळी समोर. हे सगळं करायला ते वेळ देतील?
"माहीत नाय, पुढं व्हा," म्हटलं. गेले. नंबर अर्धाच दिसला. कंट्रोलला कळवला.
गल्लीत जाधव सर कुणी नाय. पुढच्या गल्लीत एक आहेत, क्लासवाले. मग खरंच पत्ता विचारत होते?
प्र. भिंतीला टेकून. "ओळखीचे नव्हते," म्हणाली. आणि मग, "पण भावांना माणसं मिळतात."

मंगळ., २१ जाने.
साहेबांना सांगितलं, या पि.वर माझा भरवसा नाय. साहेब चिडले. "उद्या साक्ष, आणि आज सांगता? सगळी पिस्तुलं बंदोबस्ताला वाटलीत. पकड सुधारा ना."
मी म्हटलं, पकड सुधारतेच आहे सर. पण पि. पण बिघडलंय. 
साहेबांनी शेख यांना बोलावलं. वाटलं, पकड म्हणतील. ते म्हणाले, "सर, स्प्रिंग मी आधीच बदलायला पाहिजे होती. नवी आली नाय. हे माझ्याकडून बाहेर जाणार नाय." आणि ट्रिगरभोवतीच्या कड्याला लाल चिंधी बांधली, म्हणजे वापर बंद.
त्यांनी रेंजवर मला दिलेलं, तेच पि. मिळालं. खोललं, पुसलं, जोडलं. दुपारी थोडे राउंड मारले. सगळे नीट सुटले. थोडेच होते पण.
ह्यांनी पाठदुखीचा विषय पुन्हा काढला नाय. डबा काय देऊ विचारलं.

बुध., २२ जाने.
कोर्ट. जोडीला कार्बाईनवाला एक जण. आत पि. नेता येत नाय, म्हणून मी दाराशी. आरोपींना आणलं तेव्हा मी प्र.ची पाठ त्यांच्याकडं केली. धाकटा भाऊ म्हणाला, "माई." एवढंच. आवाज लहान पोरासारखा. तिचा हात माझ्या हातात होता, घट्ट झाला, मग सैल.
आत ती दीड-दोन तास बोलली. शब्द ऐकू येत नव्हते, आवाज येत होता. एकदा थांबला. मावशी बाकावर, डोळे मिटून. पुन्हा सुरू झाला.
सरकारी वकिलाचा सरतपास झाला. उलटतपास राहिला. आरोपींच्या वकिलानं पुढची तारीख मागितली, मिळाली. फेब्रुवारी.
संध्याकाळी पि. जमा. मॅगझिन, स्लाईड, डोळे, करंगळी. मोठ्यानं. शेख समोर उभे होते.

गुरु., २३ जाने.
साहेब म्हणाले, "पुढच्या महिन्यात आळीपाळीनं दुसरीला लावू. तुमची कंट्रोल रूमला गरज आहे. बरं वाटेल ना?"
पंधरा दिवसांपूर्वी पेढे वाटले असते. "तारीख होऊ द्या सर, तोवर मीच जाते," म्हटलं. बघू म्हणाले.
प्र.ला ताप नाय आज. भाकऱ्या थापत होती, मावशी शेकत होत्या. बाहेर मोटरसायकलचा आवाज आला, तिघींचे हात थांबले. दूधवाला.
तिनं तव्याकडं बघतच विचारलं, "तारखेला तुम्हीच असाल ना, ताई?"
मावशींनी पण मान वर केली.
मी म्हटलं, साहेबांना विचारलंय.