भट्टीची शेड आकांक्षाला, बद्रीनाथला काही नाही

मी रामप्रसाद कडूबा शेजूळ, वय अडुसष्ट, धंदा मिरची वाळवणे, राहणार टेंभुर्णी, तालुका जाफ्राबाद, जिल्हा जालना, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, नशापाणी केलेले नाही आणि कोणी दम दिलेला नाही. जळफळाट झाला म्हणून लिहितो, असे बायको म्हणते. झाला आहे. पण त्याने शुद्ध हरपत नाही, हे वकील संध्याताईंना विचारून घेतले आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर व बँकेतील ठेव पत्नी उषाबाई हिला. तिने धुरात खोकत संसार केला. घराला आवडेल तो रंग द्यावा, मला आता विचारू नये.

२. धाकटा भाऊ बद्रीनाथ यास काहीही नाही. कारण देणे कायद्याने गरजेचे नाही, तरी देतो. त्याने मिरची वाळवायला हीट पंप आणला. माझ्या भट्टीत लाकूड जळते आणि अर्धी ऊब चिमणीवाटे आभाळाला जाते. त्याचे यंत्र मिरचीवरून आलेली ओली हवा ओढून घेते, तिच्यातले पाणी काढून नळीने बाहेर सोडते आणि तीच हवा तापवून पुन्हा मिरचीवर फिरवते. ऊब घरातल्या घरात राहते, म्हणून वीज थोडकी लागते. माल लालभडक निघतो. माझा काळपट. घनसावंगीहून जीप भरून लोक बघायला येतात आणि माझ्याच दारात विचारतात, "यंत्रवाले शेजूळ कुठं राहतात?" मला हात करून दाखवावे लागते.

३. पहिल्या मालाच्या वेळी मात्र बद्रीची फजिती झाली, हे नमूद करून ठेवतो. वडिलांची शिकवण होती की वाफ कोंडू द्यायची नाही, माल लागला की पत्र्याजवळचे झरोके सताड उघडायचे. आम्ही दोघे तसेच शिकलो. त्याने यंत्र लावले आणि सवयीने झरोकेही उघडले. यंत्र घरघरत राहिले, मिरची ओलीच. मला इतका आनंद झाला की मी जाफ्राबादहून पेढे आणले.

पेढे खायला माझी मुलगी आकांक्षा घरी नव्हती. ती काकाकडे गेली होती. "काका, झरोके उघडे ठेवून राह्यले तुम्ही. मंग यंत्र काय समद्या टेंभुर्णीची हवा वाळवील?" म्हणाली आणि स्वतः शिडीवर चढून झरोके बंद केले. त्या दिवसापासून माल बराबर वाळतो आणि ती तिकडेच असते.

४. सळई, फावडी, चाळण्या आकांक्षाला. मिरची वाळली की मूठभर कानाशी धरून हलवायची, आत बी खुळखुळले पाहिजे, हे तिला मी शिकवले. यंत्रावर आकडे दिसतात, तरी ती तिथे मूठ कानाशी नेतेच, असे बद्री मला कौतुकाने सांगतो. माझी पारख, माझी मुलगी, आणि मिरची त्याची! मला त्याचा हेवा वाटतो. यंत्राचा कमी, मुलीचा जास्त.

५. भट्टीची शेड व खालची जागा आकांक्षाला. या शेडीत ते यंत्र कधीही येऊ नये, अशी अट मी घातली होती. संध्याताईंनी वाचून दाखवली तेव्हा कळले की अशी शेड ती घेणारच नाही, जन्मभर काकाकडे राबेल. अट खोडली आहे. तिने यंत्र खुशाल लावावे. फक्त ते बद्रीच्या यंत्रापेक्षा मोठे असावे. भट्टी पाडताना उषाबाईस लांब बसवावे, धूळ उडेल.

६. साक्षीदार म्हणून बद्रीनाथलाच बोलावले आहे. साक्षीदाराला वाटा नसलेला बरा, असे संध्याताई म्हणाल्या. ऐकून फार बरे वाटले. वरची सर्व कलमे मी त्याला मोठ्याने वाचून दाखवली. तो म्हणाला, "दादा, इतकं मनात होतं तं आला का न्हाईस एकदा बघायला?" मी संध्याताईंना आणखी एक कलम घालायला सांगितले.

७. हे शेवटचे कलम माझ्या मृत्यूनंतर लागू नाही, आजपासून लागू आहे. मृत्युपत्रात असे चालत नाही, असे संध्याताईंनी तीनदा बजावले. तरी लिहा म्हणालो. आकांक्षाने रात्रीचे जेवण काकाकडे न करता घरी करावे. यंत्र सोडवत नसेल तर तसे सांगावे. मी आणि तिची आई डबा घेऊन तिकडे येऊ.

सही: रामप्रसाद कडूबा शेजूळ

वरील सही आमच्या डोळ्यांदेखत झाली.
साक्षीदार १: बद्रीनाथ कडूबा शेजूळ (डबा आणू नये. चौघांचा स्वयंपाक आमच्याकडे.)
साक्षीदार २: राधेश्याम, मिरचीचे व्यापारी, टेंभुर्णी

ठिकाण: टेंभुर्णी
दिनांक: १२ जानेवारी २०२६