लोखंडी पेटी आणि कोरा पडदा

सेलू, मंगळवार, मे २००६

डोकं अजून तापलेलंच आहे. आजही केळझरच्या शिवारात हातातला पडदा कोराच. लॅपटॉप जीपमध्ये ठेवायचा, त्याचंच चित्र दाखवणारा हा बिनतारी पडदा घेऊन बांधावर जायचं आणि नकाशावर विहिरी टिपायच्या, एवढंच तर काम! जीपला टेकून उभा राहिलो तरी चित्र येईना. आणि उद्या साहेब स्वतः बघायला येणार.

शेवटी आमच्या ड्रायव्हर गजाननभाऊंनी लॅपटॉप पुसायला मागची लोखंडी पेटी उघडली, आणि पडदा उजळला. पेटी झाकली, गेला.

"राहू द्या उघडी," मी म्हणालो.

"धूळ जाईन ना सर! सायबानं कुलूप काऊन देलं मंग?"

धूळ, पाऊस, आपटणं सोसायलाच बनवलेला लॅपटॉप, आणि आम्ही तो लोखंडात कोंडला, जिथून बिनतारी लहरी बाहेरच पडत नाहीत. पण साहेबांना सांगणार कोण? पेटी त्यांनी स्वतः उभं राहून बनवून घेतलीय. मी सांगू? छे.

कुलूप आता माझ्या टेबलावर आहे. कुलपाशिवाय साहेब लॅपटॉप पेटीत ठेवू देणार नाहीत, सीटवरच ठेवायला लावतील. म्हणजे उद्या निघताना कुलूप घरी विसरायचं. आठवणीनं.