जुन्या कोटांबद्दल मी काय शिकवलं

२ फेब्रुवारी, रविवार. जिझान, सौदी

आधी दुरुस्ती. काल रात्री इथे लिहिलं की कोटांची ती वाक्यं सईने कुठल्यातरी पुस्तकातून उतरवली असावीत. खरं नाही. ती वाक्यं माझी. मी बोलले, तिने लिहून घेतली. वहीशीसुद्धा खोटं बोलायला लागले की काय मी?

सगळं नीट लिहून ठेवते. सई माझी ट्यूशनची मुलगी, सातवीतली. तिचे बाबा रिफायनरीत इंजिनियर, मूळचे पुण्याचे, पुढच्या महिन्यात सगळे कॅनडाला कायमचे. तिकडच्या शाळेने सांगितलंय: कॅनडाच्या इतिहासावर एक पान लिहा आणि व्हिडिओ कॉलवर वर्गशिक्षिकेला वाचून दाखवा. त्यावरून तिला सातवीत घ्यायचं की एक वर्ष खाली बसवायचं ते ठरणार. कॉल गुरुवारी, १३ तारखेला. विषय मी सुचवला, फरचा व्यापार. बीव्हर नावाच्या प्राण्याची कातडी, ती विकत घेणारी इंग्रजांची कंपनी, युरोपात त्यांच्या टोप्या.

सईच्या इंग्रजी पानावरचं वाक्य, मराठीत: ‘तिथल्या मूळ रहिवाशांनी आपले वापरून झालेले जुने कोट कंपनीला दिले आणि कंपनीने तेही चांगल्या मनाने घेतले.’

काल तिच्या पानासाठी चित्र शोधत होते. एका संग्रहालयाच्या पानावर वाचलं ते बरोबर उलट. तीनदा वाचलं. मग आणखी दोन ठिकाणी. सगळीकडे तेच.

३ फेब्रु., सोम.

वापरलेला बीव्हरचा कोट नव्या कातडीपेक्षा जास्त किमती होता! एक-दोन हिवाळे केसांची बाजू आत करून अंगावर घालायचे. अंगाच्या उबेने, घामाने, घासून वरचे लांब राठ केस गळून जायचे, आतली मऊ लव तेवढी राहायची. टोपीवाल्यांना लव हवी होती. म्हणून व्यापारी नवी कातडी बाजूला ठेवून अंगावरचा कोट मागायचे. कातडी खरवडणं, हाडांतली मज्जा चोळून मऊ करणं, जोडून शिवणं, हे बहुतेक बायकांचं काम. म्हणजे कंपनीकडे माल पोचायच्या आधीच निम्मं काम या बायकांच्या घरात झालेलं. आणि मी त्याला उतरलेले कपडे म्हटलं.

का म्हटलं तेही कळतंय. दरवर्षी रमजानच्या आधी आमच्या घरी कार्टन भरतं. अब्बांचे शर्ट, माझे ड्रेस, थोडे विटलेले टॉवेल. कार्गोने दापोलीला. तिकडे वाटणी होते, फोन येतात, दुवा मिळते. ‘वापरलेला कोट’ वाचलं आणि माझ्या डोळ्यासमोर ते कार्टन उभं राहिलं. पुढचं वाचलंच नाही. देणारा वर, घेणारा खाली, एवढंच मला येतं. इथे तर कोट देणाऱ्यांनाच मी खाली बसवलं आणि घेणाऱ्या कंपनीला वर.

अम्मीला सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. म्हणाली, “त्यात काय नवल गो? शेजारणीने हा वापरून मुरलेला तवा मागितला तर देईन मी? नवा विकत आणून देईन, हा नाही.” मग माझ्याकडे बघून, “जेवलीस का नाही? चेहरा बघ, जसा काय तूच कोट चोरलास.”

पाचवीपर्यंत अम्मीनेच शिकवलं, याच टेबलावर. तिला बारावीच्या पुढे शिकू दिलं नव्हतं. तिचं एकही गणित कधी चुकलेलं आठवत नाही. मी मात्र…

४ फेब्रु., मंगळ.

सईकडे गेले. ठरवून गेले होते. दारातच अनघाताई (सईची आई) खुशीत. “सबा, काय सुंदर लिहून घेतलंस गं! हिचे बाबापण म्हणाले, किती सोपं केलंय.” हॉलभर खोकी. एकावर लिहिलेलं ‘लोणची — उभं ठेवा’.

मी म्हटलं, ताई, एक-दोन वाक्यं बदलावी लागतील. चूक आहे.

“आता? अगं तिचं पाठ झालंय. रात्री झोपेत बडबडते. मध्येच बदललंस तर अडखळेल, मग बसवतील खाली. कोण एवढं बघतंय?” मग आवाज खाली आणून, “आणि ऐक ना, त्या शिक्षिका स्वतः त्या मूळच्या लोकांपैकीच आहेत. मेलमध्ये लिहिलंय त्यांनी. किती आवडेल त्यांना, आपण त्यांचा विषय घेतला ते!”

मी म्हणाले, “बरं.”

का म्हणाले बरं? परत येताना टॅक्सीत दहा वाक्यं सुचली, एकाहून एक चांगली. टॅक्सीवाल्याला काय उपयोग.

सई ते वाक्य त्या बाईंच्या तोंडावर हसत वाचणार. ‘चांगल्या मनाने’ हे शब्द तर तिने स्वतःहून घातलेले नाहीत, माझे आहेत.

६ फेब्रु., गुरु.

आज सईने पान पाठ म्हणून दाखवलं. एकदाही अडली नाही. मग पेन्सिल चावत म्हणाली, “मिस, एक डाउट है. इतनी थंडी में अपना कोट दे दिया, तो वो लोग फ्रीझ नहीं हुए?”

मी तिचं पान हातात घेतलं.

“ऑर दे मेड न्यू वन्स? मग जुना का घेईल कोणी? इट डझन्ट मेक सेन्स, मिस.”

म्हटलं, रविवारी सांगते. मनात म्हटलं, बाळ, तुला कळतंय. मला कळायला संग्रहालय लागलं. रस्ताभर का कोण जाणे, हलकं वाटत होतं. जिला इतकं नेमकं विचारता येतं ती चार वाक्यं बदलल्याने अडखळणार नाही. अनघाताईंना तिच्याबद्दल भीती वाटते, मला माझ्याबद्दल. सईला अजून तरी कसलीच नाही.

७ फेब्रु., शुक्र.

जुम्म्यानंतर अब्बांबरोबर समुद्रावर. सांबुसे (इथले समोसे) खाल्ले. वाटेत कुणाच्या तरी कुंपणापलीकडे आंब्याला मोहोर. अब्बा नेहमीप्रमाणे, “दिसायला आंबा. हापूस नव्हे.”

सगळं सांगितलं. म्हणाले, “चुकलं, सांगून टाक, खलास. इथे राहायचा इकामा थोडाच कॅन्सल होतोय?” मग थोडं चालून, “फार तर ट्यूशन जाईल. त्या पोरीची आई चार घरांत सांगेल. ते धरून चाल.” अब्बा खोटा धीर देत नाहीत. बरं वाटलं.

संध्याकाळी नवीन पान लिहायला घेतलं. दोनदा फाडलं. पहिल्यात मूळ रहिवासी सगळे एकच लोक असल्यासारखे लिहिले होते; ते अनेक, भाषा वेगळ्या, आपसांतही व्यापार. दुसऱ्यात इतकं कौतुक केलं की व्यापाराबरोबर रोग आले, प्राणी संपत गेले, जमिनी गेल्या, हे राहूनच गेलं. एका बाजूची चूक दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवली. तिसऱ्यात फक्त खात्रीचं: वाट त्यांनी दाखवली, होड्या त्यांच्या, बर्फावर चालायचे जोडे बायकांनी विणलेले, दुभाषाही अनेकदा बाईच. आणि कोट.

अम्मीने वाचलं. “हे पोरीला दे. पण तिच्याकडून पाठ करून घेऊ नको. तिला सांगू दे.”

८ फेब्रु., शनि.

अनघाताईंना फोन करायला दोनदा घेतला, ठेवला. फोनवर त्या पुन्हा ‘राहू दे गं’ म्हणतील आणि मी पुन्हा ‘बरं’ म्हणेन. समोर सई असली की ‘बरं’ नाही म्हणणार.

काय बोलायचं ते लिहून काढलं: ‘सई, तुझा डाउट बरोबर आहे. मी तुला चुकीचं शिकवलं. का चुकलं ते सांगते. हे जुनं पान, हे नवं. तू कोणतं वाचणार ते तू आणि आई ठरवा, पण जुनं वाचलंस तर ती चूक माझी आहे असं त्या बाईंना मला स्वतः लिहू दे.’

शेवटचं वाक्य जास्त होतंय का? धमकीसारखं वाटतंय का? खोडलं. पुन्हा लिहिलं. राहू दे.

दोघी काय म्हणतील माहीत नाही. उद्या, रविवार, ९ फेब्रुवारी, दुपारी चार वाजता सईकडे.