ओळीविना

मंगळवार, ता. ९

प्रिय दादा,

सप्रेम सलाम. तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. कामाचा रेटा होता म्हणून उत्तराला उशीर झाला, असं लिहिणार होतो. पण माझ्या थापा तू लहानपणापासून ओळखतोस, तेव्हा ते राहू दे.

इकडे सगळं ठीक. हिच्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. आता तिला घरातली सगळी जळमटं दिसतात आणि सकाळ-संध्याकाळ माझा उद्धार चालतो. माझा गुडघा कुरकुरतो. दगडकामाच्या शेडचा पत्रा दोन ठिकाणी गळतो, त्याखाली बादल्या ठेवल्या आहेत. नवे पाळक बरे आहेत. प्रवचन लवकर आटपतात, त्यामुळे मंडळी त्यांच्यावर खूश आहे. तुझ्या वेळी पाठीमागचे बाक झोपायला होते, हे तुला कोणी सांगितलं नसेल तर मी सांगतो.

तुझ्या छातीत पाणी होतंय आणि डॉक्टरांनी हात टेकलेत, हे वाचून वाईट वाटलं. वहिनीला म्हणावं, रात्री तुला उशांना टेकवून बसवत जा. बाबांना तसंच बरं वाटायचं.

आता तुझ्या कामाचं. आईबाबांच्या शेजारची जागा मोकळी आहे, मी पाहून आलो. तू मागितलास तसा साधा करडा दगड निवडला आहे. उंची तू म्हणतोस तेवढीच. नाव आणि जन्माचं वर्ष कोरून झालं. पुढची जागा सोडली आहे.

आणि पत्राच्या शेवटी तू लिहिलंस, 'ओळीविना'. त्या शब्दापाशी मी अडकलो, दादा.

हा शब्द तुझ्या अक्षरात मी कितीदा वाचला असेन! मंडळीत कोणी गेलं की तुझी चिठ्ठी शेडवर यायची. वर नाव, खाली तारखा, आणि तळाला एक शब्द. 'ओळीसह' असेल तर मी नावाखाली 'देवाच्या निवडलेल्यांपैकी' असं कोरायचं. 'ओळीविना' असेल तर दगड तिथंच संपवायचा. मग घरची माणसं येऊन त्या कोऱ्या जागेवरून हात फिरवायची आणि माझ्याकडे बघायची. मी म्हणायचो, पाळकांना विचारा. तुझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, आणि ती ओढायला मी.

आपण जेवताना वाद घालायचो, आठवतं? मी विचारायचो, देवाने सगळं आधीच ठरवलं असेल तर माणसाने विश्वास ठेवला काय आणि न ठेवला काय? तू म्हणायचास, विश्वास हीच निवडीची खूण, तो कमावता येत नाही, ज्याला मिळायचा त्याला फुकट मिळतो. मी म्हणायचो, मग ज्याला मिळाला नाही, त्याचा काय गुन्हा? यावर तू हसून म्हणायचास, "तू आपला दगड फोड." मला त्याचा राग यायचा नाही. तू शिकलेला, मी हातोडीवाला, तुला ठाऊक असणारच असं धरून मी चालायचो.

आता तू लिहितोस, 'चाळीस वर्षं मी निवडीची शिकवण दिली. माझी निवड झाली आहे का, मला ठाऊक नाही. रात्र रात्र शोधतो, खूण सापडत नाही. दगडावर खोटं नको.'

हे वाचल्यावर मला काय वाटलं ते सांगतो. आनंद झाला. पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि जेवायला बसलो, तर दोन घास जास्त गेले. ही म्हणाली, "आज काय विशेष?" मी आणखी भात मागितला. मरायला टेकलेल्या सख्ख्या भावाची भीती वाचून ज्याला भूक लागते, त्याला काय म्हणावं ते तूच ठरव.

बारकीचं नाव तुझ्या पत्रात नाही. अकरा वर्षांत तू ते कधी घेतलं नाहीस, मीही काढलं नाही. आज काढतो.

माझी पोर एकोणीस वर्षांची होती. किडन्या गेल्या होत्या, अंग सुजलं होतं, पण शुद्ध पक्की होती. तू खाटेशेजारी खुर्ची ओढून बसलास आणि तिला तुझे तीन प्रश्न विचारलेस. पापी आहेस हे मानतेस? हो. ख्रिस्त तारणारा आहे? हो काका, मला तसंच वाटतं. देवाने तुला निवडलंय याची खात्री आहे? तिने बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, "ठाऊक नाही, काका. खात्री आहे म्हटलं तर खोटं होईल." मग तिने तुला विचारलं, "तुम्हाला आहे?"

तू म्हणालास, "आहे." लगेच म्हणालास. ती म्हणाली, "बरंय तुमचं." त्यानंतर भिंतीकडे तोंड करून पडली ती दोन दिवस. मी पाणी दिलं तर म्हणायची, "बाबा, मी गेल्यावर तुम्हाला भेटणार नाही का?" उत्तरं तुझ्याकडे होती.

तिसऱ्या दिवशी ती गेली, आणि चौथ्या दिवशी चिठ्ठी आली. ओळीविना.

मी तिचा दगड तसाच घडवला. पण दगडाचा खालचा दीड हात जमिनीत जातो, तो कोणी बघत नाही. तिथे मी ओळ कोरली. दगड उभा करताना तू प्रार्थना करत होतास, तेव्हा ती ओळ मातीत उतरली. देवाला वाचायची असेल तर माती आड येणार नाही, असं मी मनाशी म्हटलं. त्यानंतर तुझ्या हातची 'ओळीविना' लिहिलेली एकही चिठ्ठी मी पाळली नाही. असे सतरा दगड आहेत. फास लावून घेतलेला शिंपी आहे. कधीच उपासनेला न आलेला कुलूपवाला आहे. तुझ्याशी भर सभेत भांडलेली ती शिक्षिकासुद्धा आहे. वर तुझं म्हणणं, खाली माझं. हे हिलाही माहीत नाही.

तुझा दगड मी आडवा घातला, खालच्या भागावर खडूने ओळ आखली, आणि हात उठेना. दोन आठवडे रोज छिन्नी धरायचो आणि ठेवून द्यायचो. शिंप्याला दिली, कुलूपवाल्याला दिली, तुला देववेना. एकदा वाटलं, तुला कळवावं, आधी बारकीच्या दगडापाशी येऊन माफी माग, मग कोरतो. वाक्य लिहूनही झालं होतं. वाचलं तर ते तुझ्याच चिठ्ठीसारखं दिसलं. कागद फाडला.

मला तुला एकच विचारायचं आहे. त्या दिवशी "आहे" म्हणालास, तेव्हा खरंच होती का खात्री? की पाळकाने "ठाऊक नाही" म्हणायचं नसतं म्हणून म्हणालास? तू तेव्हा "मलाही ठाऊक नाही, पोरी" एवढं म्हणाला असतास, तर ती आपल्या काकाचा हात धरून गेली असती. भिंतीकडे बघत नसती गेली. उत्तर लिहिण्याइतका दम नसेल तर लिहू नकोस. मला झोप लागत नाही, ती तशीही लागणार नाही.

काल सकाळी तुझी ओळ कोरली. वर तू सांगितलंस तेच ठेवलं आहे, ओळ खाली आहे, मातीत जाईल. अक्षरं चांगली आली नाहीत. हातात राग होता, दोन ठिकाणी कपचा उडाला. इतकं वाईट काम मी उमेदवारीतही केलं नव्हतं, पण पुसता येत नाही.

तुला माफ केलं म्हणून कोरली, असं समजू नकोस. माफ केलेलं नाही. तू लायक आहेस म्हणूनही नाही. फुकट मिळतं असं तूच सांगायचास, म्हणून दिली.

अठरावा दगड तुझा. बारकीच्या आणि तुझ्या मध्ये आईबाबा आहेत. तिथं घाबरू नकोस. ती भेटली तर आधी तिला खरं काय ते सांग.

तुझा,
अजून रागावलेला
धाकटा भाऊ