वकीलबाईंना दोनच कामं

दि. १४ नोव्हेंबर

प्रिय आत्या,
सा. नमस्कार.

आम्ही इथं खुशाल. तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस. अर्थात, तुला सांगून उपयोग नाही.

ताईच्या केसचा निकाल लागला. जिंकली! कापड कापायच्या मशिनमध्ये तिची दोन बोटं गेली ती कारखान्याच्या चुकीनं, हे कोर्टानं मान्य केलं.

अख्ख्या केसला वकील परवडणारा नव्हता. मग पठ्ठी वकीलबाईंकडे गेली ती दोनच कामं घेऊन. अर्ज लिहून द्यायचा आणि कारखान्याच्या इंजिनिअरची उलटतपासणी घ्यायची. "बाकी मी बघते."

बाई हसल्या. "केस म्हणजे काय शर्ट आहे, नुसती कॉलर माझ्याकडून शिवून घ्यायला?"

"जन्मभर शिवतेय, बाई. अवघड कॉलरच असते."

उरलेल्या तीन बोटांत पेन धरून तिनं अक्षर पुन्हा घोटलं. दवाखान्याचे कागद, हजेरीच्या नकला, सगळं स्वतः गोळा केलं. एकही तारीख चुकवली नाही. इंजिनिअरची मात्र वकीलबाईंनी पुरती भंबेरी उडवली.

आता पुढचं. लिहायला जड जातंय. कारखान्याचा दुसरा साक्षीदार मी होतो. "मशिनवर संरक्षक जाळी होती" या जबाबावर अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी मी सुपरवायझर म्हणून सही केली होती. तुला हे कधी बोललो नाही.

वकीलबाईंनीच मला नंतर सांगितलं. त्या ताईला म्हणाल्या होत्या, "याला मी बघते, वेगळी फी नको." ताई म्हणाली, "नको. भाऊ आहे. त्याला मीच विचारीन."

ती उभी राहिली. मला वाटलं, आता सोलून काढते. तिनं एवढंच विचारलं, "जाळी होती का रे?"

भर कोर्टात 'रे'! न्यायाधीशांनीही टोकलं नाही.

"नव्हती," मी म्हणालो. "काम लवकर उरकावं म्हणून मीच काढायला लावली होती."

"बास," म्हणाली आणि खाली बसली.

माझी नोकरी गेली, ते ओघानं आलंच. परवा तिच्या घरी गेलो. तिनं दार उघडलं, पण 'आत ये' म्हणायला वेळ घेतला. घेऊ दे.

लोक म्हणतात, भावानं बहिणीसाठी नोकरीवर पाणी सोडलं. तू तरी तसं म्हणू नकोस, आत्या. आठ महिने ती एकटी कोर्टाच्या पायऱ्या चढत होती आणि मी तिला लांबून बघून रस्ता बदलत होतो. खरं बोललो, तेही तिनं विचारलं म्हणून.

इतके दिवस तुझ्यापासूनही लपलेला,
तुझा भाचा