एका चौकटीतले दोन फोटो

मी खाली सही करणार, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा फोटो रिटच करणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. कोणीही माझे कान भरलेले नाहीत. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, डोके ठिकाणावर आहे. पत्नी मागेच गेली. थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा हे दोनच वारस.

कलम पहिले. राहते घर दोघांना निम्मे निम्मे. वरच्या खोलीवरून भांडू नये, ती गळते.

कलम दुसरे. खालचा स्टुडिओ धाकट्याला. नाहीतरी तोच चालवतो. त्याच्या कॉम्प्युटरवर मी पुष्कळ तोंडसुख घेतले आहे, इथे घेणार नाही. पूर्वी फोटो नीट करून घ्यायला ऐपत लागायची. आता भाजीवालीसुद्धा फोनवर बोट फिरवून गोरीपान होते आणि खूश होते. तिच्या आनंदात मी कशाला मिठाचा खडा टाकू? एवढेच, की आमच्या दर्शनी काचेत लावलेले सगळे चेहरे आता सख्ख्या भावंडांचे वाटतात आणि हे कोणाला खटकत नाही. माझे काम गेले याचे दुःख ओसरले. चांगले काम कोणते ते ओळखणारे गिऱ्हाईकही गेले, हे अजून पचत नाही.

कलम तिसरे. निगेटिव्हखाली दिवा लावायची तिरकी काच, सुईसारख्या टोकाच्या पेन्सिली आणि बारीक ब्रश सरळ भंगारात द्यावेत. माळ्यावर टाकू नयेत, माळ्यावरच्या वस्तू उगाच आशा लावतात. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते सांगायचे, की डाग काढावा पण तीळ ठेवावा, नाहीतर घरचे ओळखणार नाहीत. हे मी तिघा-चौघांना शिकवले. त्यांतला एक आता विमा विकतो, बाकीचे भेटत नाहीत.

कलम चौथे, ज्यासाठी हा सगळा खटाटोप.

पत्नीचा एकच फोटो आहे. फोटोवाल्याच्या बायकोचे फोटो कोण काढतो? तिची एक पापणी जराशी खाली असायची, ऐकता ऐकता पेंगल्यासारखी. तो फोटो मी स्वतः रिटच केला आणि पापणीला हात लावला नाही. ती गेली तेव्हा थोरली बारा वर्षांची होती आणि धाकटा दोन. मला तो फोटो भिंतीवर बघवेना, म्हणून ट्रंकेत ठेवला. ट्रंकेत ओल शिरली. निगेटिव्ह तर गेलीच, फोटोतली हनुवटी आणि एक गाल बुरशीने खाल्ला. डोळे तेवढे शाबूत राहिले.

गेल्या वर्षी धाकट्याला तो सापडला. मला न सांगता त्याने तो कॉम्प्युटरवर दुरुस्त केला, मोठा केला, रंग भरला आणि माझ्यासमोर आणून धरला. मशीनने हनुवटी दिली, गाल दिला आणि जाता जाता पापणीही वर उचलली. बाई सुंदर होती. धाकटा रडत होता. मी छान झालाय म्हणालो.

पुढचा घोळ चौकटवाल्याने केला. फोटो कोपऱ्यांत अडकवतात, चिकटवत नाहीत, हे त्याला तीस वर्षे ठाऊक आहे. पण नवा कागद पातळ, त्याला पोक येत होते, म्हणून याने पाठीला आधार म्हणून, धाकट्याने सोबत दिलेला जुना फोटोच चेहरा आत करून डिंकाने चिकटवून टाकला. त्याच्या मते त्याने काटकसर केली.

जुना कागद पाण्यातच धुऊन तयार झालेला आहे. भिजवला तर डिंक सुटेल आणि तो तगेल. वरच्या फोटोची शाई मात्र वाहून जाईल. थोरलीने टब भरून आणला. "बाबा, भिजवा. मी धरते. आई अशी नव्हती."

धाकट्याने चौकट छातीशी धरली होती. तो म्हणाला, "ताई, तुला आई आठवते. मला ही एवढीच आहे."

फाइल कॉम्प्युटरमध्ये आहे, पुन्हा छापता येईल, हे आम्हा तिघांनाही माहीत होते. ते कोणी बोलले नाही, कारण प्रश्न कागदाचा नव्हता. खालचा चेहरा वर आला असता, तर धाकट्याची आई खोटी ठरली असती.

मी थोरलीला विचारले, कोणती पापणी गं? मी आयुष्यभर निगेटिव्हवर उलट्या बाजूने काम केले, डावे-उजवे माझे नेहमीच गोंधळते, असा बहाणा केला. खरे असे, की डोळे मिटले तर मलाही आता दोन्ही पापण्या सारख्याच दिसतात. थोरली विचारात पडली. मग म्हणाली, "डावी असावी." मी टब ओतून दिला.

तरी ती चौकट धाकट्याला द्यावी. फोटो पाण्यात घालू नये, सोडवू नये. माझे कामाचे भिंग थोरलीला. मी तिला कमी दिले, हे मला कळते.

कलम पाचवे आणि शेवटचे. माझा फोटो तिच्या शेजारी लावायचा झाला, तर आहे तसा लावू नये. धाकट्याने त्याच मशीनवर नीट करून घ्यावा, सुरकुत्या, चामखीळ सगळे काढून. मी असाच तिच्या शेजारी गेलो, तर ती मला ओळखायची नाही.

साक्षीदार: १. चौकटवाला (हे वाचून सही केली, मान खाली घालून). २. शेजारचा घड्याळजी.
लिहून ठेवणार: भिंगवाले (सही)
स्थळ: स्टुडिओची मागची खोली
दिनांक: महिन्याचा दुसरा मंगळवार